'सिनेमाला जाणे' : एका नित्याच्या प्रयोगाचा विचार

मराठी माणूस सिनेमा पाहतो आणि तो सिनेमाला जातोही. हे दोन प्रयोग आपण इतक्या सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो की, त्यांत काही भेद असावा अशी शंकाच मनात येत नाही. परंतु ग्रंथालयात दुपार घालवून परतलेला विद्यार्थी 'मी पुस्तकाला गेलो होतो' असे म्हणत नाही. चित्रे पाहून आलेला मनुष्य 'चित्रांना गेलो होतो' असे म्हणत नाही. त्याला 'प्रदर्शनाला गेलो होतो' असेच म्हणावे लागते. पाहण्याची वस्तू वेगळी आणि ती दहाजणांत पाहिली जाते तो प्रसंग वेगळा, हा भेद मराठी येथे काटेकोरपणे पाळते. 'सिनेमा' हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो. तो चित्रही आहे आणि प्रदर्शनही आहे. या दोहोंपैकी त्याच्या कोणत्या अंगावर बोलीने भर दिला, आणि तो भर अजून टिकून आहे काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी घेतलेली उदाहरणे शेलूच्या बोलण्यातली आहेत. शेलू हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामधले स्थानक. तालुका कर्जत, जिल्हा रायगड. प्रस्तुत लेखक तेथलाच. घराबाहेर पडले की चार पावलांवर चित्रपटगृह, अशी सोय असलेल्या शहरवासीयापेक्षा शेलूकराचे सिनेमाला जाणे अधिक सायासाचे. आमच्या विद्यार्थिदशेत, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, त्यासाठी गाडीने बदलापूर, उल्हासनगर किंवा कल्याण गाठावे लागे आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर फलाटावरच्या बाकावर पहाटेची वाट पाहत बसावे लागे. (पुढे २००५ मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात, चौकजवळ, नितीन देसाई यांचा एन. डी. स्टुडिओ उभा राहिला आणि 'जोधा अकबर' या २००८ सालच्या चित्रपटाचे महाल तेथे बांधले गेले. पण चित्रपट जवळ तयार झाला म्हणून तो जवळ पाहायला मिळतो असे नाही.) एवढे अंतर मध्ये असले म्हणजे एकट्याने जाणे सहसा होत नाही, चारजण जमवावे लागतात. चारजण जमवायचे म्हटले की बोलणे आले, आणि भाषेच्या अभ्यासकाला हवे असते ते हे बोलणेच.

प्रथम '-ला' या प्रत्ययाकडे पाहू. परंपरागत व्याकरणात तो द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींच्या खाती मांडलेला असतो. 'जाणे' या क्रियापदाबरोबर तो तीन प्रकारच्या नामांना लागतो. एक, ग्रामनामे : पुण्याला, कर्जतला. दुसरा, आणावयाची वस्तू : पाण्याला, सरपणाला, दळणाला. तिसरा, प्रसंग : लग्नाला, बारशाला, कीर्तनाला, सभेला, जत्रेला. 'सिनेमाला' हे रूप पहिल्या प्रकारातले नव्हे, हे उघड आहे. प्रश्न उरतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा. पाण्याला गेलेला मनुष्य पाणी घेऊन परततो. आपल्याऐवजी धाकट्या भावाला पाठवले तरी घरी पाणी येतेच. लग्नाला मात्र धाकट्याला पाठवले तर लग्न त्यालाच घडते, आपल्याला नाही. सिनेमाचेही तसेच आहे. तो घरी आणता येत नाही. तेथे हजर राहावे लागते.

हाच भेद तपासण्याची आणखी एक सोपी कसोटी आहे. त्या त्या रूपापुढे 'कोण कोण होते?' हा प्रश्न ठेवून पाहावा. 'लग्नाला कोण कोण होते?' 'कीर्तनाला कोण कोण होते?' ही वाक्ये स्वाभाविक आहेत. 'दळणाला कोण कोण होते?' हे विचित्र वाटते, आणि 'पुस्तकाला कोण कोण होते?' हे तर वाक्यच नव्हे. 'सिनेमाला कोण कोण होते?' हा प्रश्न मात्र कोणाही मराठी भाषकाला मुळीच खटकत नाही. येथे 'कोण' या सर्वनामाची द्विरुक्ती महत्त्वाची आहे. अनेक माणसे असणार, हे प्रश्न विचारण्यापूर्वीच गृहीत धरलेले असते. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने सिनेमा लग्न-कीर्तनाच्या पंक्तीला बसतो, पुस्तकाच्या नव्हे. देवळात जाणे आणि देवाला जाणे यांतला भेद ज्याला जाणवतो, त्याला 'थिएटरात जाणे' आणि 'सिनेमाला जाणे' यांतला भेदही जाणवेल. थिएटरात दुरुस्तीला आलेला वायरमनही जातो.

ही कसोटी मी कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नाही. शेलूच्या आयांनी ती मला शिकवली. सिनेमाला जाण्याची परवानगी मागितली की कोणता सिनेमा, कोणाचा, किती वाजताचा, यांपैकी काहीही न विचारता त्या पहिल्याने विचारीत : "सिनेमाला कोण कोण आहे?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले की बाकीचे प्रश्न गौण ठरत. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न 'सोबतीला कोण आहे?' असे रूप घेई. 'सोबत' हा शब्द मूळ अरबी 'सोहबत', फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. सहवास हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र त्याला राखणीची एक छटा चिकटली. 'बरोबर कोण आहे?' या प्रश्नाला मैत्रिणींची नावे चालत; 'सोबतीला कोण आहे?' या प्रश्नाला कोणाचा तरी थोरला भाऊ लागे. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींचे सिनेमे या एका शब्दापाशी अडले.

रूपाविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदवितो. 'घोडा', 'दिवा' या आकारान्त पुल्लिंगी नामांची सामान्यरूपे 'घोड्या-', 'दिव्या-' अशी होतात. 'सिनेमा'चे 'सिनेम्याला' असे मात्र शिष्ट भाषेत होत नाही. 'राजा', 'काका', 'तमाशा' यांच्याप्रमाणे तो अविकृत राहतो. परका शब्द इतका घरातला झाला, तरी व्याकरणाने त्याला पाहुण्याचा मान सोडू दिला नाही. 'पिक्चर' या शब्दाचे लिंग तर अद्यापि ठरलेले नाही. 'कोणता पिक्चर' आणि 'कोणतं पिक्चर' हे दोन्ही प्रयोग ऐकू येतात. नपुंसकलिंगामागे 'चित्र' या शब्दाची सावली असणे शक्य आहे.

सिनेमाला प्रसंगांच्या पंक्तीत जागा मिळाली याचे कारण त्याच्या इतिहासात शोधावे लागते. मुंबईत वॉटसन्स हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे प्रयोग झाले आणि दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ पासून गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. त्या वेळी दहाजणांत बसून काही पाहण्याची भाषा मराठीत तयार होतीच. नाटक, तमाशा, दशावतार, कळसूत्री बाहुल्या. पिंगुळीचे चित्रकथी तर चित्रे दाखवीतच कथा सांगत. या सर्वांना मिळून एक शब्द होता : 'खेळ'. सिनेमाने तो जसाच्या तसा उचलला. पहिला खेळ, शेवटचा खेळ, खेळ सुटला. पडदा, मध्यंतर, पिटातले प्रेक्षक, हीही नाटकाचीच देणगी. फिरत्या तंबूंनी तर सिनेमा प्रत्यक्ष जत्रेतच नेऊन बसविला. महाराष्ट्रातल्या या तंबूंच्या अखेरच्या पर्वाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात जिज्ञासूंना पाहता येईल. जत्रेला गेलेला मनुष्य तंबूत शिरला, तर तो जत्रेला गेला की सिनेमाला, हे सांगणे त्यालाही अवघड गेले असते. याउलट 'चित्रपट' हा शब्द घडविलेला, लेखनातला. त्याला 'पाहणे', 'निर्माण करणे', 'परीक्षण करणे' ही क्रियापदे शोभतात. 'चल, चित्रपटाला जाऊ' असे मित्र मित्राला म्हणताना मी तरी ऐकलेले नाही.

खेळ या शब्दाचे एक अवशिष्ट रूप शेलूच्या फलाटावर रोज कानी पडत असे. खेळ पुल्लिंगी आणि गाडी स्त्रीलिंगी. बोलताना दोन्ही नामे गळून जातात आणि उरते ते केवळ वेळेचे विशेषण. म्हणून 'सहाचा' म्हटले की तो सिनेमाचा खेळ आणि 'सहाची' म्हटले की ती लोकल. "सहाचा बघू आणि दहाची पकडू," या वाक्यात ना सिनेमा आहे, ना गाडी, ना तिकीट. तरीही ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा झाला नाही. पुढे खेळाला 'शो' म्हणू लागले, पण तोही पुल्लिंगी निघाल्यामुळे ही व्यवस्था अबाधित राहिली. लिंगव्यवस्था निरर्थक आहे असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण देत असतो.

आता क्रियापदांकडे वळू. सिनेमा लागतो, चालतो, पडतो, उतरतो. ही चारही क्रियापदे अकर्मक आहेत आणि चोहींत कर्तेपण सिनेमाकडे आहे. तो लागला की आपण जायचे. तो उतरला की संधी गेली. किती आठवडे चालला हेही त्याच्याच कर्तृत्वाचे माप. 'लागणे' हे क्रियापद तर या दृष्टीने फारच बोलके आहे. बोट धक्क्याला लागते, गाडी फलाटाला लागते, निकाल लागतो, भूक लागते. (गाडी आणखी एका अर्थानेही लागते, पण तो अर्थ घाटातल्या प्रवाशांसाठी राहू द्यावा.) आपल्या इच्छेची वाट न पाहता काहीतरी येऊन ठेपले आहे आणि ते फार काळ थांबणार नाही, ही त्यातली सूचना. कर्जतला गाडी लागलेली असते. शेलूला ती नुसती येते आणि जाते. सिनेमा कल्याणला लागलेला असे आणि आम्हाला त्याच्याकडे जावे लागे.

'लागणे'चे प्रयोजक रूप 'लावणे'. दिवा लागतो आणि दिवा लावतात; रेडिओ लागतो आणि रेडिओ लावतात. सिनेमाच्या बाबतीत 'लावणे' हे क्रियापद पूर्वी फक्त थिएटरच्या मालकाला शोभत असे : "या आठवड्यात त्यांनी कोणता लावलाय?" आज हातातल्या फोनवर ज्याला त्याला सिनेमा लावता येतो. 'काल रात्री एक सिनेमा लावला आणि अर्ध्यावर झोप लागली,' हे वाक्य आता कोणीही बोलतो. अकर्मकाकडून प्रयोजकाकडे झालेला हा सरक लहान दिसतो. पण त्यात कर्तेपण सिनेमाकडून निघून प्रेक्षकाकडे आलेले आहे, आणि त्याबरोबर '-ला' गळून पडला आहे. फोनवर लावलेल्या सिनेमाला कोणी 'जात' नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे चित्रपटगृहे बंद झाली, त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांवर उघडली, पुन्हा मिटली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली. त्या दीड वर्षात सिनेमे पुष्कळ पाहिले गेले, पण 'सिनेमाला' हे रूप माझ्या कानांवर क्वचितच पडले.

यावरून घर आणि थिएटर असा सरळ भेद करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. माझ्या लहानपणी, १९८० नंतरच्या दशकात, आमच्या आळीत टीव्ही असलेल्या घराच्या ओटीवर सुटीच्या संध्याकाळी सबंध आळी जमत असे. तेव्हा सिनेमा टीव्हीवर 'लागत' असे आणि त्या घरची मावशी "सिनेमाला या हो" असे आवर्जून सांगे. गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या रात्री रस्त्यावर पांढरी चादर ताणून दाखविलेल्या सिनेमालाही लोक 'जात'. म्हणजे '-ला' हा प्रत्यय इमारतीवर अवलंबून नाही. आरंभाची वेळ आपल्या हाती नाही आणि बसायला शेजारी आहे, एवढे झाले की तो लागतो. तरुण मंडळींचे 'पिक्चर टाकणे' हे या नियमाला अपवाद वाटेल, कारण तेथे क्रियापद सकर्मक आहे. परंतु 'टाकणे' येथे 'डाव टाकणे', 'चहा टाकणे' यांच्या जवळचे आहे. डाव आणि चहा या दोन्ही सहसा एकट्याने टाकायच्या गोष्टी नव्हेत.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सर्वनामांचा आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची रूपे दोन : ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण'. हा भेद तमिळमध्ये आहे, तेलुगूत आहे. आर्यभाषांपैकी शेजारच्या गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा आहे. हिंदीला मात्र एका 'हम'वर भागवावे लागते. मराठीतला हा भेद द्राविड भाषांच्या संपर्कातून दृढ झाला असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. 'आपण'चे मूळ संस्कृत 'आत्मन्' हे होय. जे रूप 'स्वतः' या अर्थी होते, तेच ऐकणाऱ्यालाही पोटात घेऊ लागले, हा अर्थविकास मोठा मनोज्ञ आहे. "आपण सिनेमाला जाऊ" हे वाक्य त्यामुळे निमंत्रणच ठरते. ते ज्याला ऐकू आले तो त्यात आलाच. घरी आईला सांगताना मात्र तोच बेत "आम्ही सिनेमाला जातोय" असा होतो. सर्वनाम बदलले नाही तर आईलाही तिकीट काढावे लागेल.

या व्यवस्थेची धार मला १९९७ च्या पावसाळ्यात कळली. 'बॉर्डर' लागून महिना उलटला होता. आम्ही पाचजण. त्यांतल्या एकाने दोन आठवडे हा बेत धरून ठेवला होता. पैसे गोळा करणे, कोणता खेळ पाहिला तर कोणती गाडी मिळेल याचा हिशेब करणे, सर्व त्याचेच. ठरलेल्या रविवारी त्याच्या घरी भाताची लावणी निघाली. शेतात पाणी चांगले होते, माणसे सांगून ठेवलेली होती. घरचा मुलगा त्या दिवशी निघणे शक्यच नव्हते. 'थांबा' असे तो म्हणाला नाही आणि 'थांबू का' असे आम्ही विचारले नाही. आम्ही चौघे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर गाठ पडली तेव्हा आमच्यातला एकजण उत्साहाने म्हणाला, "काल आम्ही 'बॉर्डर' पाहिला." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आपलं ठरलं होतं ना?"

पुढे गाडी येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मी त्या वेळी भाषाशास्त्राचा विद्यार्थी नव्हतो. परंतु ती दोन वाक्ये मी अनेक वर्षे मनात उलटीसुलटी करून पाहिली आहेत. बोलणाऱ्याचा हेतू दुखावण्याचा नव्हता. वस्तुतः त्याने वापरलेले सर्वनाम व्याकरणदृष्ट्या अचूक होते. 'आपण पाहिला' असे म्हणणे खोटे झाले असते, कारण भविष्यकाळातल्या 'आपण'मध्ये कोणालाही घेता येते, भूतकाळातल्या 'आपण'मध्ये मात्र जो हजर होता त्यालाच. हिंदी भाषक असता तर तो 'हमने देखी' म्हणाला असता आणि त्या 'हम'मध्ये ऐकणारा आहे की नाही, हे शब्दाने उघड केले नसते. मराठीने ते झाकू दिले नाही. एक वाट होती : 'काल बॉर्डर बघितला' असे कर्ता गाळून म्हणता आले असते. मराठीत ते सहज चालते, आणि मला वाटते, कर्ता गाळण्याच्या आपल्या सवयीमागे वाक्यरचनेच्या सोयीइतकीच माणसे राखण्याची सोयही आहे. एकोणिसाव्या वर्षी एवढे भान कोणाला असते? पुढच्या रविवारी उसने पैसे काढून आम्ही पाचहीजण तोच सिनेमा पुन्हा पाहून आलो. तेव्हापासून तो आमच्यात 'आपण पाहिलेला' सिनेमा आहे. आधीचा रविवार कोणी काढीत नाही.

'आम्ही' हे सर्वनाम नेहमी वगळण्याचे दुःखच देते असे नाही. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' हा चित्रपट आला आणि त्याला महाराष्ट्रभर बायकांचे गट मिळून गेले : मैत्रिणींचे, भिशीचे, भजनी मंडळांचे, नणंदा-भावजयांचे. थोरल्या भावाची सोबत तेथे कोणी मागितली नाही. त्या जुलैत एका दुपारी आमच्या घरी फोन आला आणि आई कपाटातून ठेवणीतली साडी काढू लागली. संध्याकाळच्या खेळाला, गाडीने, पावसात, हे ऐकून मी नकळत विचारले, "सिनेमाला कोण कोण आहे?"

आईने वळूनही पाहिले नाही. "आम्ही बायका आहोत," ती म्हणाली. "तू रात्री स्टेशनवर न्यायला ये."